लाल दोऱ्याचा वाफा

पातेल्यावरचं झाकण उचललं मात्र, आणि आत्या जागीच थबकली. आत सूप होतं, हिरवंगार, अजून कोमट, पाहणाऱ्याला भूक लागावी असं. पण त्याला काकडीचा वास नव्हता. तिने पुन्हा वाकून वास घेतला, चमच्याने ढवळून घेतला... नव्हताच. बियांपासून तीन महिने ती पालेभाजी तिने स्वतः वाढवली होती. तिची लवदार पानं चुरगळा, चिरा नाहीतर शिजवा, काकडीचा वास यायचाच. मग या पातेल्यात शिजलं होतं तरी काय?

"बिट्टीने खाल्लं का गं हे?" तिने विचारलं.

"वाटीभर," भावजय भांडी विसळता विसळता म्हणाली. "कडू लागतंय म्हणून नाक मुरडत होती. मग साय घातली, चिमूटभर साखर घातली, तेव्हा कुठे संपवलं. मी चमचाभर चाखलं, मलाही जरा कडसरच वाटलं. नवी भाजी, असेल तिची चव तशी. तुम्हाला वाढू का ताई?"

आत्या उत्तर द्यायला थांबलीच नाही. दुकानातून आल्यावर खांद्यावरची पिशवीही तिने अजून उतरवली नव्हती. ती तशीच मागच्या दाराने परसात धावली.

या परसाविषयी आधी सांगायला हवं. आत्या एका शिवणाच्या दुकानात बायकांचे कपडे बेतायची आणि शिवायची. लग्न तिने केलं नाही. आईवडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याला वाढवता वाढवता तिची वर्षं कशी निघून गेली हे तिचं तिलाच कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही. स्वतःसाठी म्हणून तिने आयुष्यात एवढंच मागितलं होतं, स्वयंपाकघरामागची चार पावलं जमीन. तिथे ती दरवर्षी एखादं नवं झाड लावून पाही. कधी ते जगे, कधी आठ दिवसांत मान टाकी. रोपवाटिकेतला म्हातारा माळी तिला म्हणायचा, "बाई, तुम्ही झाडं लावत नाही, त्यांची परीक्षा घेता." यंदा तिने दोन नव्या गोष्टी शेजारी शेजारी लावल्या होत्या. एका वाफ्यात ती काकडीच्या वासाची पालेभाजी, जिच्या बिया सहा वर्षांच्या बिट्टीने स्वतःच्या हाताने टोचल्या होत्या. दुसऱ्यात घंटाफूल. पुढच्या वर्षी त्याला जांभळ्या घंटांचे तुरे येणार होते, पण यंदा नुसतीच पानं होती, रुंद, मऊ, लवदार... अगदी पालेभाजीसारखी. माळ्याने बजावलं होतं की याचं पान तोंडात जाऊ द्यायचं नाही, ते थेट काळजावर जातं.

ऐकून आत्या घाबरली होती. पण फुलांचा मोह सुटला नाही. म्हणून तिने आपली जुनी युक्ती केली. प्रत्येक वाफ्याच्या टोकाला ती एक काडी रोवायची आणि काडीला शिवणाचा दोरा गुंडाळायची. हिरवा दोरा म्हणजे खायचं, लाल दोरा म्हणजे तोंडाला लावायचं नाही. भावजयीला हे ठाऊक होतं, बिट्टीला तर बोलायला लागल्यापासून पाठ होतं.

आता आत्या वाफ्यांपुढे उभी होती. लाकडाच्या कोऱ्या चौकटींना अजून ताज्या भुशाचा वास येत होता. त्या दोन दिवसांपूर्वी भावाने बसवल्या होत्या. जुन्या फळ्या कुजल्या म्हणून ताई आठवडाभर हळहळत होती, तेव्हा ती दुकानात गेलेली असताना त्याने गुपचूप नव्या चौकटी केल्या आणि संध्याकाळी तिला डोळे मिटायला लावून परसात आणलं. ती इतकी हरखली होती की काड्यांकडे तिचं लक्षच गेलं नाही. आज गेलं. पालेभाजीच्या वाफ्यात लाल दोरा होता. घंटाफुलाच्या वाफ्यात हिरवा. आणि घंटाफुलाची पानं सुरीने नीट कापून नेलेली होती.

काड्या कशा उलटल्या हे तिला कुणी सांगायला नको होतं. चौकटी बसवताना भावाने त्या उपटल्या असणार, काम झाल्यावर अंदाजाने परत रोवल्या असणार; कारण लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला जन्मापासून सारखेच दिसत होते. ही गोष्ट साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि तिला. शाळेत त्याने एकदा झाडाला तांबडी पानं रंगवली आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन तो तिच्या कुशीत हुंदके देत म्हणाला होता, "ताई, कुणाला सांगू नकोस. शपथ घे." आणि तिने घेतली. पुढे तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर लागला, तेव्हा त्याच्या डब्यांच्या झाकणांना तिने खाचा पाडून दिल्या, एक खाच अमुक रंग, दोन खाचा तमुक. त्याचे मोजे जोडीने गुंडाळून ठेवायची तीच, सकाळी शर्ट काढून ठेवायची तीच. आठ वर्षं संसार केलेल्या भावजयीला वाटे, वन्संना आपल्या भावाचं भारी कौतुक. कधी कधी तिला त्याचा रागही येई, आणि येणं साहजिकच होतं.

घरातून बिट्टीचा आवाज आला, "आई, मला मळमळतंय..."

आत्याच्या हातांनी आपोआप दोन गोष्टी केल्या. घंटाफुलाचं एक पान तोडून रुमालात बांधलं, आणि दोन्ही काड्या उपटून ज्या वाफ्यात असायला हव्या होत्या त्या वाफ्यांत रोवल्या. आणखी कुणाला धोका होऊ नये म्हणून, की कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून, हे तिला नंतर कितीही विचार करून सांगता आलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत बिट्टी चार वेळा ओकली. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा मनगट धरलं.

"काय खाल्लंय? नक्की सांगा, अंदाज नको."

आत्याने रुमाल सोडला, माळ्याने सांगितलेलं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला, पण पाय थांबले नाहीत. त्या पोरीला घेऊन आत गेल्या. मग काचेपलीकडे यंत्राचा एक पडदा दिसू लागला, त्यावर एक रेघ उठत होती, पडत होती, आणि दोन उठण्यांच्या मध्ये एवढा वेळ जात होता की आत्याचा श्वास अडकून राहायचा... आता उठेल, आता उठेल, देवा, आता उठू दे. एवढ्याशा जिवाचं काळीज एवढं सावकाश चालताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ कारखान्यातून तसाच धावत आला. हातांना पॉलिश, केसांत भुसा. बायकोने त्याला सगळं सांगितलं आणि मग ती आत्याकडे वळली.

"मी हिरव्या दोऱ्याचीच पानं काढली, ताई. दोनदा बघून काढली. खरं सांगा, तिथे हिरवाच दोरा होता ना?"

तो क्षण आत्याला अख्ख्या आयुष्याएवढा लांब वाटला. भाऊ काचेला कपाळ टेकून उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याची पाठ ताठ झाली. आत्याला तो आठ वर्षांचा दिसला, तांबड्या पानांचं चित्र पाठीमागे लपवणारा. याला आता कळलं की आपल्याच हातांनी पोरीच्या वाटीत विष गेलं, तर हा जगेल कसा? पोरीच्या काळजाचे ठोके मोजायचे की याच्या?

"होता," ती म्हणाली. "दोरे मीच उलटे गुंडाळले होते. आता नीट केलेत. माझीच चूक."

भावजय एक पाऊल पुढे आली.

"तुमची चूक? अख्ख्या ताग्यातून एक धागा वेगळा निघाला तर ओळखता तुम्ही. आणि माझ्या पोरीच्या जिवाशी..." तिचा आवाज फुटला. "तुम्हाला स्वतःचं असतं ना ताई, तर असं झालं नसतं."

हे वाक्य जिव्हारी लागणारं होतं आणि लागलंही. आत्याने मान खाली घातली. तिने भावाकडे पाहिलं. तो काही बोलेल, निदान "अगं, असं काय बोलतेस" एवढं तरी म्हणेल, अशी एक वेडी आशा तिच्या मनात होती. तो बोलला नाही. तिला वाटलं, रागावलाय. त्याच्या मनात राग नव्हता, निव्वळ भीती होती, पण हे तिला तेव्हा कुठून कळणार?

दोन दिवस आणि दोन रात्री ती रेघ उठत राहिली, पडत राहिली. तिसऱ्या दिवशी बिट्टीने बिस्किट मागितलं आणि नर्सने ते चहात बुडवू दिलं नाही म्हणून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "रुमालात पान आणलं म्हणून वेळ वाचला," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही काय झालंय तेच शोधत बसलो असतो."

पोर घरी आली, पण घर पहिलं राहिलं नाही. आत्या स्वयंपाकघरात शिरली की भावजय बाहेर येई आणि तिने भरलेलं पाणी ओतून पुन्हा भरी. तोंडाने काही बोलत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. पण आत्याला त्याहून जास्त लागलं ते हे, की बिट्टी आता तिच्या हातचं घेताना आधी आईकडे बघायची... ज्या पोरीचं पहिलं दुपटं आपण शिवलं, ती आपल्या हाताला भिते! चार दिवसांनी सकाळी तिने चार कपडे पिशवीत भरले. दुकानाच्या मालकीणबाईंच्या घरी मागची एक खोली रिकामी होती.

"थोडे दिवस तिकडे राहते," ती म्हणाली. "कामाचा रेटा आहे."

कामाचा रेटा नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. भाऊ उंबऱ्यापर्यंत आला, त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. भावजय आतूनच त्याला म्हणाली, "आज सुट्टी आहे ना, तो लाल दोऱ्याचा वाफा मुळासकट उपटून टाका. दुसरा राहू द्या, बिट्टीच्या हातच्या बिया आहेत. दुपारी त्याच भाजीचं सूप करते. आता मी स्वतः बघून करीन, म्हणजे पोरीची भीती जाईल."

आत्याने ते ऐकलं, पण तिच्या कानांत दुसरंच काही घुमत होतं. चपला घालून ती निघाली.

चौकात ती रस्ता ओलांडायला थांबली. समोरच्या सिग्नलचा लाल दिवा गेला, हिरवा लागला, माणसं चालू लागली, आणि तिचे पाय मात्र जागीच राहिले. लहानपणी याच्यासारख्याच चौकात भावाचा हात धरून तिने त्याला शिकवलं होतं की रंग बघू नकोस, वरचा म्हणजे थांब, खालचा म्हणजे चल. वरचा, खालचा... पण वाफ्याला वर-खाली काय असतं? लाल दोऱ्याचा वाफा उपटा. कुठला उपटेल तो? आणि परसात जो उरेल, त्याचं दुपारी सूप होईल.

ती वळली आणि धावत सुटली. एवढ्या वयाची बाई पिशवी छातीशी धरून धावते आहे हे पाहून लोक बाजूला होत होते. तिला वाटत होतं, आपण भावाला वाचवलं असं समजत होतो, आणि राखली काय तर एक झाकलेली विहीर. पोर आज पडली नाही तर उद्या पडेल. आपल्या गप्प बसण्यानेच पडेल. हे आपल्याला दवाखान्यात का सुचलं नाही? पाय अडखळत होते, छातीत कळ येत होती आणि कानांत त्या पडद्यावरच्या रेघेचा सावकाश ठोका वाजत होता.

बाजूच्या फाटकातून ती परसात शिरली आणि थबकली.

भाऊ वाफ्यांपुढे उकिडवा बसला होता. खुरपं बाजूला पडलं होतं. मागच्या पायरीवर बिट्टी शाल पांघरून बसली होती. त्याचा एक हात पालेभाजीवर गेला.

"बाबा, तो हिरवा आहे," बिट्टी म्हणाली.

हात थांबला. दुसऱ्या वाफ्याकडे गेला. "मग हा?"

"हो, तो लाल." पोरीला हा नवाच खेळ वाटला. "तुला लाल माहीत नाही?"

भावाने हात मागे घेतला. मग म्हणाला, "नाही गं. मला दोन्ही सारखेच दिसतात."

स्वयंपाकघराच्या दारात कसला तरी आवाज झाला. भावजय तिथे उभी होती. तिने ऐकलं होतं. ती पायऱ्या उतरली, दोन्ही काड्या उपटल्या आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरल्या.

"यातला लाल कुठला?"

"माहीत नाही."

"चेष्टा करताय?"

"नाही. लहानपणापासून असंच आहे." त्याने खुरप्याकडे पाहिलं. "चौकटी बसवताना मीच काढल्या होत्या काड्या. परत लावताना शंका आली होती मला. तुला हाक मारून विचारणार होतो... पण तू हसशील असं वाटलं. दवाखान्यात ताईने स्वतःवर घेतलं तेव्हाच मला सगळं समजलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. तेव्हा नाही, नंतर नाही, आज सकाळी ती गेली तेव्हाही नाही. आत्तासुद्धा कधीचा नुसता बसलोय इथे, हात लावायचं धाडस होईना."

भावजयीने वर पाहिलं, तेव्हा तिला फाटकापाशी घामाघूम झालेली आत्या दिसली.

"तुम्हाला माहीत होतं," भावजय म्हणाली.

"हो."

"काचेपाशी उभं राहून मी तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले. ते स्वतःचं असतं तर, वगैरे. तेव्हाही माहीत होतं."

"हो गं."

"मग आता मी तुमच्या पाया पडू की तुमच्याशी भांडू, तेच मला कळत नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण आवाज खणखणीत होता. "तुम्ही यांना सांभाळलंत, ताई. पण मला आंधळं ठेवलंत. यांना दोन रंग दिसत नाहीत, मला तर आठ वर्षं नवराच दिसला नाही. आज पोरीने सांगितलं नसतं तर दुपारी मी पुन्हा चूल पेटवली असती. स्वतःच्या हाताने."

आत्याला वाटलं होतं की सगळं कळल्यावर आपण निर्दोष ठरू. त्याऐवजी तिला पहिल्यांदाच आपला खरा दोष कुणीतरी तोंडावर सांगत होतं, आणि नवल म्हणजे त्याने तिच्या छातीवरचा दगड हलका झाला.

"म्हणूनच परत आले," ती हुंदके आवरत म्हणाली. "सांगायलाच आले. शपथ मोडायला आले मी."

भाऊ उठला. मातीच्या हातांनी त्याने बहिणीचे पाय धरले आणि लहान मुलासारखा रडला. "ताई, मला तुझ्यामागे लपायची सवयच लागली गं..." तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. भावजय पुढे आली. तिने आत्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, पायरीवर बिट्टीजवळ ठेवली आणि म्हणाली, "ही आता कुठे जायची नाही. आणि तुम्ही उठा हो, पायात काय घातलंय ते तरी बघा."

तिघांनीही खाली पाहिलं. त्याच्या एका पायात तांबडा मोजा होता आणि दुसऱ्यात हिरवा. आज सकाळी जोडी लावून ठेवायला ताई नव्हती.

भावजय हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली, आणि मग तिने पदराने डोळे पुसून घरातून आत्याचा दोऱ्यांचा डबा आणला. घंटाफुलाचा वाफा मात्र तिने स्वतः उपटला, मुळासकट, आणि आत्याने ब्र काढला नाही. फुलं राहिली ती राहिली. जिवापुढे फुलांची काय मातब्बरी?

उरलेल्या वाफ्यांसाठी चौघं पायरीवर बसली. यापुढे रंग नाही, गाठी, असं भावजयीने ठरवलं. एक गाठ म्हणजे खायचं, तीन गाठी म्हणजे हात लावण्याआधी आत्याला विचारायचं. डोळे मिटूनही कळलं पाहिजे. भावाने आपल्या जाड बोटांनी पहिली गाठ मारली, ती सुटली, दुसरी मारली. बिट्टी शेजारी टक लावून बघत होती.

दुपारी आत्याने पालेभाजीची पानं खुडली. एक पान चुरगळून तिने बिट्टीच्या नाकाशी धरलं. पोरीने सवयीने आधी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "आत्याला विचार."

बिट्टीने आत्याच्या हाताला नाक लावलं.

"काकडी," ती म्हणाली, आणि पान तोंडात टाकलं.